नागपूर ते उमरेड, मार्गे मनिला

दामिनी भोयरबद्दल लिहायचं तर मधूनमधून माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि तिथंच पंचाईत आहे. या गोष्टीत शहाणं माणूस एकच आहे आणि ते मी नाही. माझ्या वडिलांचं म्हणणं असं की एवढंच सांगायचं होतं तर पानं खरडायची गरज नव्हती, नागपुरात आमच्या नंदनवन वस्तीत कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

मी अश्विन ठवकर. नंदनवनात एका टाइल्सच्या दुकानावर माझी सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक एसी, पाच-सहा पोरं आणि दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली इंग्रजीतलं एक लांबलचक पद. ते पद तुम्हाला कोणी दिलं, असं अजून कोणी विचारलेलं नाही. या कंपनीचं पोट एकाच गिऱ्हाइकावर भरतं. कॅनडात ग्रेग आणि त्याची बायको शेरिल कुत्र्यांची वसतिगृहं चालवतात. मालक सुटीवर निघाले की कुत्रं तिथं ठेवून जातात. कोणत्या कुत्र्याला कोणता पिंजरा, कोणाला कधी फिरवायचं, कोणाला कोंबडी सोसत नाही, बिल कोणाच्या नावे काढायचं, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर पाहतं.

वडिलांनी, म्हणजे चंपतरावांनी, जन्मभर भिवापूरकडे शेती केली. आता ते आमच्याकडे असतात. त्यांना मी माझा धंदा एकदा नीट समजावून सांगितला. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आपल्या कोठ्यात एवढी ढोरं होती गा. कोनाले कुठं बांधाचं ते ढोरायलेच मालूम राहे."

धंद्याचं गणित त्यांना कळलं नसलं तरी ते अवघड नाही. कॅनडात प्रोग्रामर महाग, नागपुरात स्वस्त. तिकडच्या माणसाला ग्रेगला जेवढे पैसे द्यावे लागतील त्याच्या पाव हिश्शात मी काम करून देतो, आणि तो पाव हिस्सा इथं आला की नागपुरात पुरून उरतो. जे उरतं त्यावर माझा एसी चालतो. शेरिलला हे कधी पटलं नाही. आपल्याच गावातला एखादा मुलगा नोकरीला ठेवावा, निदान समोर बसून बोलता तरी येईल, असं तिचं मत. दरवर्षी करार वाढवायची वेळ आली की ती विचारायची, स्वस्त म्हणजे हलकं तर नाही? मग मी घसा साफ करून माझं ठेवणीतलं वाक्य काढायचो. मॅडम, किंमत गावावर ठरते, अक्कल गावावर ठरत नाही. इंग्रजीत ते आणखी भारदस्त वाटतं. मी हे बोलत असताना दामिनी शेजारी, कॅमेऱ्याबाहेर बसलेली असायची, कारण पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरबद्दल आला तर उत्तर तिलाच मला कागदावर लिहून द्यायचं असायचं.

दामिनी उमरेडची. तिचे वडील नत्थूजी हातमागावर बसायचे, नवरा रोहित कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये. सकाळी ती उमरेडहून एसटीने निघायची, सक्करदऱ्याला उतरायची आणि तिथून शेअर ऑटोने नंदनवन. पहाटेपासून उठलेली असल्यामुळे बाकीची पोरं चहा पीत असताना ती डबा खायची. विचार करायचा असला की चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसायची. कानात इयरफोन असायचे, पण त्यात गाणं नसायचं. मी एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं की कानात काही दिसलं की लोक बोलायला येत नाहीत. लोक म्हणजे कोण, हे विचारायचं मी टाळलं, कारण तिच्या टेबलाशी जाऊन बोलणारा ऑफिसात मी एकटाच होतो.

सॉफ्टवेअर तपासायचं तर खोटी कुत्री लागतात. ती दामिनीनेच भरली होती. मोत्या, खंड्या, झिपरी अशी. त्यात एक अश्विनही होता. त्याच्यापुढे तिने लिहून ठेवलं होतं की हा फार भुंकतो पण चावत नाही. ऑफिसातल्या पोरांना हे माहीत होतं. मला पत्ता नव्हता, कारण सॉफ्टवेअर आतून उघडून पाहायची सवय मला फार वर्षांपूर्वी सुटली.

उमरेडची बस म्हणजे कधी वेळेवर, कधी देवाच्या मर्जीवर. ती उशिरा आली की मी घड्याळाकडे पाहायचो आणि एकच वाक्य टाकायचो, "बस लेट होऊन राहिली तर आधीची धरत जा न." आधीच्या बसला यायचं तर तिला स्वयंपाक अंधारात करावा लागेल, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो असतो. मालकाने काहीतरी बोललं पाहिजे ना.

तिच्या मुलीला, चिन्मयीला, शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दामिनी माझ्या केबिनमध्ये आली. केबिन म्हणजे दुसऱ्या खोलीत घातलेला प्लायवूडचा पडदा. तिने दोन गोष्टी मागितल्या. पगार वीसचा पस्तीस हजार करा आणि आठवड्यातले दोन दिवस मला उमरेडहून काम करू द्या. मी खुर्चीत मागे रेललो. पस्तीस हा पुण्याचा आकडा आहे, नागपूरचा रेट हा नाही, असं मी तिला समजावलं. घरून काम केलं तर शिस्त राहत नाही, हेही सांगितलं. पाहिजे तर बावीस करतो, म्हणालो.

तिने शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही म्हणता अक्कल गावावर ठरत नाही. मग अक्कल तीच आहे तर किंमत काहून गावावर ठरते?"

उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. मी म्हणालो, तुला जमत नसेल तर बघ. तिला जमत नव्हतं. महिनाअखेरीला ती गेली. जाताना सगळ्यांना पेढे दिले, मला दोन दिले.

आता नागपुरात दुसरा माणूस शोधायचा तर तोही काही दिवसांनी पगार वाढवून मागणार. याच सुमारास मी एका हॉटेलात उद्योजकांच्या चर्चासत्राला गेलो. तिथं टाय बांधलेल्या एका माणसाने सांगितलं की जग आता सपाट झालंय, शहाण्या मालकाने काम गावात नाही, जगात द्यावं. जेवणही चांगलं होतं. मी भारावून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या पांढऱ्या बोर्डावर गणित मांडलं. एका बाजूला दामिनी: पगार, दिवाळी, खुर्ची, चहा, एसीची हवा. दुसऱ्या बाजूला मनिलातली एक कंपनी: जेवढे तास काम तेवढेच पैसे, चहा त्यांचा, खुर्ची त्यांची. ग्रेग जो मार्ग धरून माझ्यापर्यंत आला तोच धरून मी पुढे निघालो होतो. आमच्या ऑफिसातल्या आयुषने बोर्डाकडे पाहून विचारलं की सर, हे सगळं त्यांना समजावून कोण सांगणार, त्याचे तास कुठं धरले? आयुषला धंद्यातलं कळत नाही, म्हणून मी बोर्ड पुसून टाकला.

मनिलाच्या कंपनीत रेमंड नावाचा गोड बोलणारा माणूस होता. सगळं बोलणं त्याच्याशी. काम करणारी मुलगी वेगळी, तिचं नाव डेबी. डेबी लाजाळू आहे, फोनवर येत नाही, फक्त लिहून बोलते, असं रेमंडने सुरुवातीलाच सांगितलं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला.

डेबीचं काम पाहून मी थक्क झालो. आमचं एवढं गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर तिला दोन दिवसांत तोंडपाठ झालं. मी पोरांना गोळा करून दाखवायचो, हे बघा, याला म्हणतात इंटरनॅशनल क्वालिटी. आपल्या दामिनीला हेच करायला आठवडा लागला असता. पोरं माना हलवायची. डेबीने खोट्या कुत्र्यांत दोन नवी घातली, त्यांची नावं वाघ्या आणि काळू. मला गहिवरून आलं. परदेशातली मुलगी, पण गिऱ्हाइकाच्या संस्कृतीचा केवढा अभ्यास. तेव्हाच मला यादीतला जुना अश्विनही पहिल्यांदा दिसला, आणि तोही डेबीनेच घातला असेल असं मी धरून चाललो. गिऱ्हाइकाचं नाव कुत्र्याला देणं हा तिकडे मान असावा, अशी मी समजूत करून घेतली. फार भुंकतो हे वाचलं, तेही मला वाघासारखं वाटलं.

डेबी अक्षय तृतीयेला सुटीवर होती. बुधवारी तिच्याकडे लाईट जायची. एकदा तिने कळवलं की फार पाऊस आहे, नाल्याला पूर आलाय. त्या दिवशी इकडे उमरेड रोडही बंद होता. मी वडिलांना कौतुकाने म्हणालो की मनिलाचं हवामान अगदी आपल्यासारखंच आहे. रोज संध्याकाळी मी डेबीला आभार लिहायचो. थँक यू डेबी, ग्रेट वर्क डेबी, पुढे हात जोडलेल्याचं चित्र, पुढे फूल.

बिलं मात्र फुगत गेली. रेमंडचे समजून घेण्याचे तास, रेमंडचे समजावून सांगण्याचे तास, बँकेचं कमिशन, डॉलरचा भाव. पस्तीस हजार वाचवायला निघालेला मी महिन्याला सत्तरच्या वर मोजू लागलो. पण बोर्ड पुसलेला होता, त्यामुळे मला विचारणारं कोणी नव्हतं.

अशात शेरिलचं पत्र आलं. त्यांच्या गावातल्या एका मुलाशी तिचं बोलणं झालं होतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तुम्ही आम्हाला समोर चालवून दाखवा, पसंत पडली तर करार पुढे, नाहीतर त्या मुलाला नेमू, असं तिने सरळ लिहिलं. जोडीला एक आठवणही करून दिली की करारानुसार काम तुमच्याच माणसांनी केलेलं असलं पाहिजे, बाहेर कोणाला दिलेलं चालणार नाही. ते कलम मी सही करताना वाचलं नव्हतं, आता तीनदा वाचलं. हे काम गेलं की कंपनी गेली. टाइल्सवाल्याला वरच्या दोन खोल्या तशाही गोदामासाठी हव्याच होत्या.

तारीख ठरली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे मारबतीचा दिवस, नागपुरात मारबतीचे आणि बडग्यांचे पुतळे मिरवून जाळतात तो. कॅनडातल्या माणसाला मारबत काय सांगणार? मी हो म्हणालो. डेबीने मात्र त्या दिवशी सुटी घेतली, घरचं कार्य आहे म्हणाली. मी फिलिपाइन्सच्या सुट्यांची यादी काढून पाहिली. त्या तारखेला काही नव्हतं. पण काम पूर्ण झालेलं होतं, म्हणून मी मोठ्या मनाने परवानगी दिली.

त्या दिवशी सकाळी ऑफिसची सगळी पोरं इतवारीत मारबत पाहायला गेली. इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत सगळं शहर रस्त्यावर, आणि मी एकटा ऑफिसात. रिकामं डोकं, रिकामं ऑफिस आणि समोर उघडं सॉफ्टवेअर. मला वाटलं, शेवटचा हात मालकाचा फिरावा. पहिल्या पानावर शेरिलच्या नावाने स्वागत यावं, एवढाच बदल. किती वर्षांनी कोडला हात लावत होतो. स्वागत झकास आलं. मी स्वतःवर खूश होऊन वडापाव मागवला.

संध्याकाळी आयुष परत आला. कॅनडात सकाळ झाली. पडद्यावर ग्रेग आणि शेरिल कॉफीचे मग घेऊन बसले. स्वागत पाहून शेरिल किंचित हसली. मग मी कुत्र्यांची यादी उघडली. माणसांची नावं कुत्र्यांच्या जागी गेली होती आणि कुत्र्यांची माणसांच्या. ब्रूनो नावाच्या कुत्र्याला बाराशे डॉलरचं बिल निघालं होतं. ग्रेगच्या आईला पिंजरा क्रमांक चौदा मिळाला होता, दिवसातून दोनदा फिरवायचं आणि कोंबडी द्यायची नाही.

शेरिलने कॉफीचा मग खाली ठेवला. तिच्या गावातला तो मुलगा मला तिच्या खांद्यामागे उभा दिसू लागला. मी पाच मिनिटं मागून घेतली, आवाज बंद केला आणि मोबाइलवरून रेमंडला फोन लावला. डेबीला आत्ताच्या आत्ता मीटिंगमध्ये पाठव, नाहीतर तुझं बिल विसर, असं मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या शुद्ध इंग्रजीत ओरडलो. रेमंड म्हणाला, ती सुटीवर आहे. मी म्हणालो, मीही आयुष्यभर सुटीवर जाणार आहे.

थोड्या वेळाने पडद्यावर डेबी नावाचा एक काळा चौकोन उघडला. त्याबरोबर जोरात ढोल ऐकू आला आणि लाउडस्पीकर. आमच्या गल्लीतही त्या वेळी तान्हा पोळा भरला होता, लहान मुलं लाकडी बैल सजवून रांगेत उभी होती, तेव्हा मी आयुषला खिडकी लावायला सांगितली. आयुषने खिडकी लावली. ढोल चालूच. मी म्हणालो, दुसरीही लाव. तो म्हणाला, सर, दुसरी खिडकी नाहीच आपल्याकडे. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून घोषणा झाली की ज्यांचे बैल नंबरात आले त्या पोट्ट्यांनी मारुतीच्या देवळासमोर या, आणि उमरेडकर मंडळींनी रस्ता मोकळा ठेवा.

मग त्या काळ्या चौकोनातून एका बाईचा आवाज आला. "चिन्मयी, बैल घट्ट धर वं. चाक निघून राहिलं त्याचं."

आयुष भिंतीकडे वळून हसू दाबत होता. त्याला किती महिन्यांपासून ठाऊक होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. मनिलाची डेबी, माझी इंटरनॅशनल क्वालिटी, मारुतीच्या देवळासमोर एका हाताने लाकडी बैल सांभाळत उभी होती.

दामिनीने मला ओळख दिली नाही. आज सकाळी पहिल्या पानाला कोणी हात लावला का, एवढंच इंग्रजीत विचारलं. मी कबूल केलं. मी ज्या जागी शेरिलचं नाव घुसडलं होतं तिथून पुढची सगळी नावं एका जागेने सरकली होती. फोनवरूनच तिने आयुषला कुठली ओळ पुसायची ते सांगितलं. ग्रेगची आई पिंजऱ्यातून सुटली. ब्रूनोचं बिल ब्रूनोच्या मालकाला गेलं. मग उरलेलं सॉफ्टवेअर आयुषच्या हाताने दामिनीनेच दाखवलं, मागे ढोल वाजत असताना, आणि ग्रेग मध्येमध्ये मान डोलवू लागला.

शेवटी शेरिल पुढे झुकली. डेबी कोण, आणि ती बसते कुठे, असं तिने मला विचारलं. मनिला म्हणालो तर करार मोडतो. उमरेड म्हणालो तर डेबी हे नाव कुठून आलं ते सांगावं लागतं.

"मी दामिनी," त्या काळ्या चौकोनातून उत्तर आलं. "नागपूरजवळ उमरेडला राहते. तुमचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून मीच लिहिलेलं आहे. आज आमच्याकडे मुलांचा सण आहे, म्हणून आवाज होतोय."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. शेरिलने कॅमेरा चालू करायला सांगितलं. दामिनीने आधी चिन्मयीचा बैल दाखवला. शेरिल बराच वेळ त्या बैलाबद्दल, त्याच्या झुलीबद्दल, चाकाबद्दल विचारत राहिली. इतक्या वर्षांत तिने मला एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. मग ती ग्रेगला म्हणाली की मला समोर बोलता येईल असं माणूस हवं होतं, ते हे आहे. करार पुढे चालू, अट एकच, दामिनी या कामावर राहिली पाहिजे.

त्या रात्री मी वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांची सुपारी कातरायची थांबली. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या उमरेडचीच पोरगी तू फिलिपाइन्सहून आनली. पुढल्या मारबतीत तुयाच बडग्या काढा लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमरेडला निघालो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, बोजारा द्यायला चालला का? तान्ह्या पोळ्याला लहान मूल बैल घेऊन दारात आलं की त्याच्या हातावर जो खाऊ किंवा पैसे ठेवतात तो बोजारा. इथं तर मीच दुसऱ्याच्या दारात चाललो होतो, पण मी नोटांचं पाकीट घेतलंच.

दामिनीच्या घरी पुढच्या खोलीत नत्थूजींचा जुना माग अजून उभा होता आणि त्याला लागून तिचं टेबल. चिन्मयीने तीन चाकांचा बैल ओढत आणला, मी तिच्या हातावर बोजारा ठेवला. दामिनीने चहा दिला. मी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा, कारण मी तसाच आहे. रेमंड तुला किती देत होता? ती म्हणाली, महिन्याला चाळीसच्या आसपास. म्हणजे तिने मागितले होते त्याहून पाच हजार जास्त देऊन मी तिलाच कामावर ठेवलं होतं, तेही पूर्ण आठवडा उमरेडहून, आणि वरचे तीस हजार तिला न ओळखण्याचे भरत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्याएवढा लांबचा वळसा कोणी घेतला नसेल.

मी विचारलं, तुला केव्हा कळलं?

"पयल्याच दिवशी," ती म्हणाली. "माझंच कोड, माझेच कुत्रे. इंटरनेटवर काम शोधून राहिली होती, तर रेमंडनं हेच पाठवलं, अन् मले डेबी करून टाकलं. म्हटलं, सरले फोन करून सांगावं."

"मग काहून नाही सांगितलं?"

तिने चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. "तुम्ही रोज डेबीले थँक यू लिहीत होते, सर. फूल पाठवत होते. तीन वर्षं दामिनीले कधी म्हटलं नाही. मले पाहायचं होतं, किती दिवस लिहिता ते."

मी पुढे बरंच काही बोलायचं ठरवून आलो होतो. पस्तीस हजार, दोन दिवस घरून, पाहिजे तर तीन. ते सगळं मी बाजूला ठेवलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, की ज्या मुलीच्या कामाचं मी सगळ्या नंदनवनात कौतुक करत फिरलो ती आपलीच निघाली. मी तिला थँक यू म्हटलं. तोंडाने म्हणायची सवय नसल्यामुळे ते थोडं वाकडं आलं. चिन्मयी मला हसली.

मग दामिनीने तिच्या अटी सांगितल्या. तुमच्याकडे नोकरी करणार नाही. काम घेईन, करारात माझं नाव घालून, तासाच्या हिशोबाने, आणि मनिलाला जो रेट देत होता तोच. माझ्या तोंडात आलं होतं की उमरेडात हा रेट... पण समोर माग होता, टेबल होतं, आणि तिचा तो जुना प्रश्न अजून तसाच माझ्याकडे उभा होता. मी हो म्हटलं. दुसरी अट अशी की आठवड्यातून एकदा, दर बुधवारी, मी स्वतः उमरेडला येऊन बसायचं. मी म्हणालो, फोनवर बोलू की. ती म्हणाली, फोनवर तुम्हाला समजावून सांगायला दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढ्याचं बिल तुम्हालाच येईल. बुधवारी तशीही इथं लाईट नसते, तेवढ्यात समजावणं होऊन जाईल.

रेमंडने छान पत्र पाठवलं. डेबीने काम सोडलंय, त्याबद्दल दिलगीर आहोत, पण आमच्याकडे दुसरी फार हुशार माणसं आहेत, भारतातलीच, आणि आणखी स्वस्त. ती कोण, कुठली, हे न विचारताच मी नको कळवलं. न जाणो, आमचा आयुषच निघायचा.

पहिल्या बुधवारी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी सक्करदऱ्याहून उमरेडची एसटी धरली. धरली म्हणजे तिची वाट पाहत उन्हात उभा राहिलो. ती आली तेव्हा बसायला जागा नव्हती, पुढे उमरेड रोडवर कोळशाचा एक ट्रक आडवा झाला होता, आणि मी उमरेडला पोहोचलो तोवर ठरलेली वेळ केव्हाच टळली होती. शर्ट पाठीला चिकटलेला, बुटावर कोणाचा तरी पाय पडलेला. दामिनी खुर्चीवर मांडी घालून बसली होती, कानात इयरफोन. माझ्याकडे न पाहता तिने घड्याळ पाहिलं.

"बस लेट होऊन राहिली तर आधीची धरत जा न, सर."

तेव्हापासून मी आधीची धरतो.